रुपीबाईचा डावा डोळा

मुकुटबनच्या स्टँडसमोर माझं औषधाचं दुकान आहे. गाव त्याला मेडिकल म्हणतं आणि मला मेडिकलवाली. विजयमाला हे माझं चांगलं धडधाकट नाव आईनंतर कुणी पूर्ण घेतल्याचं मला आठवत नाही. दुकानापुढे सिमेंटचा एक बाक आहे. तो मी गिऱ्हाइकांसाठी बसवून घेतला, पण त्यावर खरा हक्क रुपीबाई आडेचा. बाजाराच्या दिवशी ती तांड्यावरून येते, मिरच्या-भाजी घेते आणि दुपारपासून त्या बाकावर ठाण मांडते. तेलंगणाच्या बाजूनं काळीपिवळी जीप आली की तिची मान वळते. जीप रिकामी झाली की मान परत जागेवर येते. मग ती मला म्हणते, "आज बी गर्दी लय होती वं." म्हणजे तो आला नाही.

तो म्हणजे शंकरसिंग, तिचा नवरा. बोअर मारणाऱ्या गाडीवर काम करायला सीमेपलीकडे गेला, त्याला बारा-तेरा वर्षं झाली असतील. सुरुवातीला त्याचे फोन यायचे. मग फोन बंद लागायला लागला. तांड्यावर निम्मे लोक म्हणतात तो मेला, निम्मे म्हणतात तिकडे त्यानं दुसरं घर केलं. रुपीबाई दोन्ही गटांना सारख्याच शिव्या घालते.

तांड्यावर जुना बंजारी पेहराव करणाऱ्या आता दोन-तीन म्हाताऱ्याच उरल्यात. रुपीबाई त्यांतली एक. आरशांची चोळी म्हणजे कांचळी, घेरदार घागरा म्हणजे फेटिया, आणि केसांत गुंफून दोन्ही कानशिलांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या. लग्न झालेल्या बाईनं त्या घालायच्या आणि नवरा गेला की उतरवायच्या, असा रिवाज. एकदा तांड्यातल्या जाणत्यांनी तिच्या मुलाला, राजकुमारला, सुचवून पाहिलं की बापाचं काय ते विधी करून टाका, आईच्या जिवाचा घोर संपेल. रुपीबाईनं तेव्हा मुसळ उचललं होतं. पुन्हा कुणी विषय काढला नाही. घुगऱ्या तिथंच राहिल्या.

मला तिचा राग यायचा. मला सगळ्यांचाच येतो, पण तिचा जरा जास्त. चांगली हातीपायी धड बाई, सून गुणाची, पोरगा सरळ, आणि ही रस्त्याकडे डोळे लावून बसलेली. "याडी," मी तिला म्हणायची, त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, "इतके वर्स झाले. तो आता आला त तू ओळखशीन तरी काय?"

"चालीवरून ओळखीन," ती म्हणायची. "उजवा खांदा पाडून चालते थो. हजार मानसात ओळखीन."

गेल्या कापसाच्या हंगामात ती एक दिवस भर दुपारी आली. बाजार नव्हता. वेचणी सोडून आली म्हणजे काहीतरी होतं.

"अर्ध्या डोक्यात आग पडून राह्यली," ती म्हणाली. "केसाले हात लागला तरी मुंग्या डसल्यावानी होते. ते गुडघ्याची गोयी दे बरं."

गुडघ्याची गोळी म्हणजे दुखणं मारणारी एक जालीम गोळी. ती कुठून कुठून मिळवून ही बाई वर्षानुवर्षं खात आलेली. त्यापायी किडनी कामातून जाते हे मी तिला इतक्या वेळा सांगितलंय की एखादी भिंत असती तर तिलाही पाठ झालं असतं. मी गोळी दिली नाही. साधी तापाची दिली आणि दवाखान्यात दाखव म्हणून सांगितलं. ती हो म्हणाली. रुपीबाई हो म्हणते तेव्हा ती ते करणार नसते.

पुढं दोन दिवस ती दिसली नाही. मग राजकुमार आला, मोटारसायकल चालू ठेवूनच.

"ताई, ते नागिणीची गोयी द्या. रामधनकाकाले मागच्या साली दिलती तेच."

"कोणाले पाह्यजे?"

"याडीले. रामधनकाकाच्या चार उरल्या होत्या, ते खाल्ल्या तिनं. सकाऊन एक, संध्याकाळी एक. आता संपल्या."

माझ्या कपाळात तिडीक गेली. तांड्यावर सगळं या घरातून त्या घरात फिरतं. शिडी फिरते, मीठ फिरतं, बैल फिरतो. तशाच गोळ्याही फिरतात. रामधनला नागीण झाली तेव्हा डॉक्टरनं पूर्ण डोस लिहून दिला होता. फोड वाळायला लागल्यावर या शहाण्यानं गोळ्या बंद केल्या आणि उरलेल्या देव्हाऱ्यात ठेवून दिल्या, कुणाच्या तरी कामी येतील म्हणून. अर्धी पट्टी खाऊन अर्धी जपणाऱ्या माणसांवर माझा खास राग आहे.

"नागीण उठली कुठी?" मी विचारलं.

"कपायावर. डोयाच्या वरते."

मी त्याला गोळी दिली नाही. चिठ्ठीशिवाय ती देतच नाहीत, आणि डोळ्याच्या वर म्हटल्यावर चिठ्ठी असती तरी मी आधी विचारलं असतं. शटर अर्धं ओढलं आणि त्याच्या मागं गाडीवर बसले.

रुपीबाई ओसरीत बसली होती, ओढणी हनुवटीपर्यंत ओढून. मी ती वर केली. कपाळापासून केसांपर्यंत गेरू फासलेला. नागिणीवर गेरू लावायचा, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. गेरूखाली फोडांचा पट्टा, बरोबर अर्ध्या कपाळावर, डावीकडं, मधोमध कुणी रेघ ओढल्यासारखा. डावा डोळा सुजून मिटलेला. आणि त्या फोडांच्या मधोमध घुगरी लोंबत होती. फोड पाझरून चांदी कातड्याला चिकटली होती. ती हलली की रुपीबाईच्या तोंडून बारीकसा आवाज निघायचा.

पण मला भीती वाटली ती नाकामुळं. नाकाच्या शेंड्यावर दोन बारके फोड होते. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आत जाणारी नस एकच असते. तिथं फोड दिसले की नागीण डोळ्यात उतरतेय असं समजायचं.

"हे कधी उठलं?"

"परवा."

"मंग काल काहून नाई सांगतलं?"

"इंग्रजी औषध घेतलं का नागीण अंदर घुसते म्हणते लोकं."

"आन् रामधनच्या गोया काय झाडपाल्याच्या होत्या?"

ती हसली. अर्ध्याच तोंडानं, कारण दुसरं अर्धं हलवलं की आग व्हायची. मला मात्र हसू आलं नाही. लहानपणी कांजण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो नसांच्या मुळाशी दडून बसतो आणि म्हातारपणी, अंगातली ताकद कमी झाली की, एका नसेच्या वाटेनं बाहेर पडतो. त्यालाच आपण नागीण म्हणतो. त्याच्यावर गोळी आहे, चांगली गोळी आहे, पण फोड उठल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत पोटात गेली तर. आणि पुरेशी गेली तर. रामधनच्या चार गोळ्यांनी रुपीबाईला औषध घेतल्याचं समाधान मिळालं आणि नागिणीला दोन दिवस.

सून वर्षा कापूस-पाणी घेऊन फोड पुसायला पुढं आली. तिला पाचवा महिना होता. "तुले कांजण्या आल्त्या काय लहानपनी?" मी विचारलं. तिला आठवत नव्हतं. मी तिला लांब उभी केली. ज्याला कांजण्या आल्या नाहीत त्याला फोडांच्या पाण्यातून त्या येऊ शकतात, आणि पोटुशीला तर नकोच.

राजकुमारनं जीप आणली आणि आम्ही यवतमाळला गेलो.

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, प्रेरणा नावाची. तिनं उजेड टाकून डोळा पाहिला, आणि रक्त तपासायला पाठवलं. मग म्हणाली, "हे दागिने उतरवावे लागतील. याच्याखालची जखम साफ करायची आहे. यात पू धरला तर अवघड होईल."

"बाकी काई बी उतरव," रुपीबाई म्हणाली. "हे नाई."

"थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, आजी."

"माह्या हातानं उतरवली म्हणजे माह्यासाठी थो मेला."

डॉक्टरला काही कळेना. ती माझ्याकडं पाहायला लागली. मी चिडले. "तुह्या नवऱ्याचा जीव या चांदीत अडकला काय? डोया चाल्ला तुहा!"

रुपीबाईनं माझा हात धरला. तिचा हात तापानं गरम होता. "तुले नाई समजत वं," ती म्हणाली. "थो येईन. कधी ना कधी येईन. अन् तांड्याच्या बाहेरूनच त्यानं मले बिना घुगरीची पाह्यली, त त्याले वाटन, हिनं मले मारून टाकलं. थो तिथूनच वापस जाईन. डोयाचं काय, डोया एक हाय अजून मले."

इतकी वर्षं मला वाटत होतं ती लोकांना दाखवायला घुगऱ्या घालते. त्या एका माणसाला दाखवायला होत्या.

डॉक्टर प्रेरणानं खुर्ची जवळ ओढली. "आजी, फोड फक्त डावीकडं आहेत. मला डावीच बाजू मोकळी लागेल."

रुपीबाईनं मान वर केली. "उजवीकडची राहू दे?"

"राहू द्या."

"मंग थो उजवीकडूनच येईन," रुपीबाई म्हणाली आणि स्वतःच गाठ सोडायला लागली. कुणाला हात लावू दिला नाही. चिकटलेले केस एकेक करून सोडवले. तिला किती दुखत असेल ते तिच्या पायाच्या बोटांवरून कळत होतं. सोडवून झाल्यावर घुगरी तिनं ओढणीच्या टोकाला बांधली आणि गाठ कंबरेला खोचली.

रक्ताचा अहवाल आला. मला जे वाटत होतं तेच. गुडघ्याच्या गोळ्यांनी किडनी कमजोर केलेली. म्हणून रामधनला होती तेवढी गोळी हिला चालणार नव्हती, डॉक्टरनं हिशेब करून कमी लिहून दिली. हे औषध किडनीवाटे बाहेर जातं. किडनी सुस्त असली की ते अंगात साठतं आणि भलताच त्रास करतं. डॉक्टरनं राजकुमारला समोर उभं करून सांगितलं: गोळी वेळेवर, फोड वाळले तरी शेवटपर्यंत. पाणी भरपूर. डोळ्यात फक्त हेच थेंब, घरातले जुने कुठलेही नाहीत. गेरू नाही. दुखण्याची ती गोळी तर अजिबात नाही. आणि आजी गुंगल्यासारख्या वाटल्या, असंबद्ध बोलायला लागल्या, लघवी कमी झाली, तर त्याच पावली घेऊन यायचं.

पाण्याचं काम सगळ्यात कठीण होतं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया पाणी पीत नाहीत. उघड्या शेतात जायचं कुठं? सकाळी एक घोट घेतला की संध्याकाळपर्यंत तोंड कोरडं ठेवायचं, ही सवय लहानपणापासून अंगात मुरलेली. रुपीबाई घरी पडून होती तरी तिला तांब्या नको वाटायचा. मी वर्षाला सांगून ठेवलं, तांब्या रिकामा झाल्याशिवाय जेवण वाढू नको. सासूला उपाशी ठेवायची परवानगी मिळालेली ती तांड्यातली पहिली सून असेल.

गोळ्या सुरू होऊन तीन-चार दिवस झाले असतील. सूर्य कलला होता. दुकानात गर्दी होती आणि वर्षाचा फोन आला. ती रडत होती.

"ताई, याडी भलतंच बोलून राह्यली. बाबा आलते म्हणते. आताच रस्त्यानं आलते म्हणते."

किडनी कमजोर, औषध अंगात साठलेलं, आणि आता भास. डॉक्टरनं सांगितलं होतं तसंच. दुकान तसंच सोडून मी ऑटोत बसले. वाटेत राजकुमारला फोन करून जीप तयार ठेव म्हणाले. मी देवाला फारसं बोलावत नाही, पण त्या वाटेवर बोलावलं.

रुपीबाई तांड्याच्या टोकाला दगडावर बसली होती. कपाळावर पट्टी, सूज उतरून डावा डोळा उघडलेला, उजवीकडं एकटी घुगरी.

"मी कोन होय?" मी ओरडलेच.

"मेडिकलवाली. लवकर राग येते तुले."

"आज वार कोनता?"

"आयतवार. कायले वं?"

"लघवी झाली काय?"

"तीनदा झाली. आता सऱ्या तांड्याले आयकू येऊ दे."

मी तिच्या बाजूला बसले. "मंग शंकरसिंग आलता म्हणून काहून सांगतलं पोरीले?"

तिनं तळहातानं चांगला उजवा डोळा झाकला आणि रस्त्याकडं तोंड केलं. दूरवर एक माणूस पाठीवर गाठोडं घेऊन येत होता.

"पाह्य," ती म्हणाली. "या डाव्या डोयात धुकं भरलं हाय. मानूस येतांना तोंड नाई दिसत. फक्त खांदा दिसते, पडलेला. थोच असते. असाच येते. जवळ आला का मंग दुसराच निघते कोनी. पन तेवढा रस्ता थो असते, बाई. तेवढा रस्ता मी त्याले पाहून घेते."

तो माणूस जवळ आला. खेड्यावरचा कुणी अनोळखी होता. रुपीबाईनं हात खाली घेतला आणि त्याला रामराम केला.

तरी तिला रक्त तपासायला नेलंच. सगळं ठीक होतं. गोळ्यांमुळं काही झालं नव्हतं.

तिनं गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या. रिकाम्या पट्ट्या आणून माझ्या काउंटरवर ठेवल्या, पोरं पाटीवरचं गणित दाखवतात तशा. फोड वाळले, खपल्या पडल्या, कपाळावर वण राहिले. वणांच्या जागी आग मात्र राहिली. ओढणीचा काठ लागला तरी ती दचकते. डावी घुगरी घालायचा तिनं दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा डोळ्यातून पाणी काढून परत सोडली. नागिणीनंतर असं काहींना महिनोन् महिने राहतं. तांड्यातल्या बाया कुजबुजल्या, ही आता ना सवाशीण ना विधवा. रुपीबाई म्हणाली, "अर्धी त अर्धी," आणि तशीच बाजारात आली.

डोळा वाचला. वाचला म्हणजे बुबुळावर एक धुरकट पापुद्रा राहिला होता. दोन दिवस आधी आली असती तर कदाचित तोही राहिला नसता, असं डॉक्टर प्रेरणा म्हणाली. त्यावर थेंब दिले. हळूहळू कमी करत न्यायचे, बरेच महिने, आणि मनानं बंद करायचे नाहीत. दर बाटली माझ्याकडून जायची. बाजाराच्या दिवशी तिथंच बाकावर मी तिच्या डोळ्यात एक थेंब टाकून द्यायची, कारण तिचा हात थरथरतो आणि निम्मं औषध गालावर जातं.

थेंबांनी गुण यायला लागला. डॉक्टर खूश, राजकुमार खूश. मीसुद्धा खूश होते. एक दिवस रुपीबाई उजवा डोळा झाकून बसली होती. स्टँडच्या अलीकडं, पुलापाशीच जीपमधून उतरलेली माणसं चालत येत होती.

"आता लय दूरवर नाई राहत थो," ती म्हणाली.

"कोन?"

"पह्यले पुलापासून त या निंबापर्यंत थोच राहे. आता पुलावरच दुसरा हून जाते." तिनं हात खाली केला. "तुह्या औषधानं डोया साफ हून राह्यला, बाई."

ज्या धुक्याशी मी आणि डॉक्टर भांडत होतो, त्यात तिचा नवरा राहत होता. थेंबागणिक आम्ही त्याला घरातून बाहेर काढत होतो.

पोळ्याच्या आधीच्या बाजारात मी नवी बाटली काढली, झाकण फोडलं आणि बाहेर आले. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं.

"नाई टाकलं त काय होईन?"

दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर स्टँडपर्यंत आवाज गेला असता माझा. अर्धी पट्टी खाऊन अर्धी ठेवणाऱ्यांना मी किती बोललेय. पण त्या दिवशी माझ्याजवळ एकही शिवी नव्हती. माझं दुकान औषधाचं आहे. तिला जे हवं होतं ते माझ्या एकाही कपाटात नव्हतं, आणि जे माझ्या हातात होतं ते तिच्याजवळचं शेवटचं काढून घेणार होतं.

खोटं मात्र सांगता येईना. "नाई टाकलं त धुकं परत येईन," मी म्हणाले. "दाट होईन. मंग तो डोया जाईन."

"धुकं परत येईन?"

"येईन. आन् एक दिवस त्यातनं काहीच नाई दिसन. खांदा बी नाई."

ती बराच वेळ बाकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मी बाटली धरून उभी. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, थांबली, मी त्यांना हातानंच थांबा म्हणाले. मला वाटत होतं ती उठून जाईल. खरं सांगते, ती उठून गेली असती तर मी तिला अडवलं नसतं.

ती गेली नाही. तिनं डोकं मागं भिंतीला टेकवलं, डावी पापणी बोटानं ओढून धरली.

"टाक, माय," ती म्हणाली.

मी थेंब टाकला. डोळा मिटून ती बसली. गालावरून जे आलं त्यात औषध किती आणि बाकीचं किती, ते मला विचारू नका. मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं, उजवा डोळा तळहातानं झाकला आणि पुलाकडं पाहिलं.

पुलावरून एक माणूस येत होता. डोक्याला कापड गुंडाळलेलं, एका खांद्यावर वायरचं मोठं भेंडोळं, त्या ओझ्यानं उजवा खांदा खाली गेलेला. माझे दोन्ही डोळे चांगले आहेत. तरी मी उठून उभी राहिले.

"याडी," मी विचारलं, "कोन होय वं तो?"

तिनं क्षणभरही घेतला नाही.

"धम्मरत्न हाय," ती म्हणाली. "आपला लाइनमन."